दीडशेचे किती

उदगीरला, नळेगाव रोडवर, आमच्या शटरच्या आत
अकरा बॅटऱ्या रांगेनं चार्जिंगला लागलेल्या असायच्या.
प्रत्येकीच्या अंगावर अप्पांचा खडू :
गाव, तारीख आणि आकडा.
देवर्जन, बारा, दीडशे.
हंडरगुळी, चौदा, शंभर.
एकदोन गावं पुसट, अ‍ॅसिडचा हात लागून.

मी मागं, डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनवर वही टेकवून
बारावीचं फिजिक्स घेऊन बसायची.
'काय लिहूलालीस गं गंगासागर?'
प्रभार, अप्पा. अँपिअर-तासाचे कूलोम करायचेत.
'कामून? अँपिअर-तासात काय खोट हाय?'

खोट काही नव्हती.
मी सांगितलं, एक अँपिअर एक सेकंद वाहिला की एक कूलोम.
तासाची शिवण उसवली की आतून छत्तीसशे सेकंद निघतात,
तेवढ्यानं गुणायचं.
माझं उत्तर आलं होतं नऊ हजार.
अप्पा ओठ हलवत बोटांच्या पेरांवर गेले, परत आले.
'एकदाच साठ घेतलीस. तासाची मिनिटं झाली,
मिनिटाचं कोण करणार?'

पाच लाख चाळीस हजार.

'एवढं आपल्या दुकानात कधीच नव्हतं,' म्हणाले
आणि देवर्जनच्या बॅटरीकडं जरा सरकून, अदबीनं बघितलं.
मग त्यांना त्यांच्या बापाचं आठवलं :
हाली सिक्क्याचे सात मोजले की कलदाराचे सहा यायचे हातात,
आणि दोन्हीला ज्वारी तेवढीच.
'पोतं काय आकडा वाचत नसतंय.'

दुपारी सोमलिंग आला, नवा मोबाईल नाचवत.
अप्पा, माझा एवढासा, तर पाच हजार.
तुमचं हे धूड, दोघांनी उचलायचं, दीडशेच?
अप्पांनी माझ्याकडं बघितलं.
मिली, मी म्हणाले. मिली म्हणजे हजारावा.
तुझे पाच हजार म्हणजे पाच.
त्याचा चेहरा बघवेना, म्हणून पुढं म्हणाले,
पण कूलोममधे अठरा हजार.
तो चहा न घेताच गेला.

'आन कूलोमच्या पोटात काय असतंय?'
इलेक्ट्रॉन. सहाशे चोवीस, पुढं सोळा शून्यं.
शटरवर खडूनं काढून दाखवली मी, सोळाच्या सोळा,
शेवटची दोन कुलपाच्या कडीवर गेली.
अप्पा मोजत होते. मोजताना त्यांचा दुसरा हात
स्वतःच्या शर्टावरून फिरत होता,
अ‍ॅसिडनं पडलेल्या भोकांवरून,
एकेका शून्याला एकेक भोक.

दिवे लागले तेव्हा मी पुढचं पान वाचलं.
वाचायला नको होतं असं आजही कधी वाटतं.
अप्पा, बॅटरीत प्रभार भरून राहत नाही.
एका टोकानं जेवढे जातात
तेवढेच दुसऱ्या टोकानं आत येतात.
आतली बेरीज कायम शून्य.

चार्जर घुमत होता. पंधरा अँपिअर, दहा तास,
सकाळपर्यंत तो तसाच घुमणार होता.
अप्पांनी सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवला,
टर्मिनलवर फुललेली पांढरी-हिरवी बुरशी घासली,
पुसली, वर व्हॅसलीन लावलं.
बऱ्याच वेळानं विचारलं,
'मग बत्तीस वर्षं गिऱ्हाईक मला पैसे कशाचे देऊलालंय?'

ढकलायचे, अप्पा.
निघालेल्याला परत घराकडं ढकलायचे.

ते काहीच बोलले नाहीत.
शटर ओढलं तेव्हा सोळा शून्यं गुंडाळी सोडून खाली आली
आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

परीक्षेत तो प्रश्न आला नाही.
पण दुसऱ्या दिवशी देवर्जनचा माणूस बॅटरी न्यायला आला
तर दीडशेच्या खाली, लहान, वळणदार अक्षरात
पाच लाख चाळीस हजार.
त्यानं दोनदा वाचलं, टोपी मागं सारली.
'अप्पा, हे बिल हाय का?'